दळणाची जुनी पवनचक्की : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पवनचक्की म्हटले की आज डोळ्यांसमोर येतो तो पांढरा उंच खांब आणि त्यावरची तीन पाती. हे पान तिच्याबद्दल नाही. तिचा विषय शेवटाकडे एका प्रश्नापुरता येईल. इथे बोलायचे आहे ते लाकूड, दगड आणि कापडाच्या जुन्या यंत्राबद्दल. या यंत्राने सात-आठशे वर्षे खेड्यांचे धान्य दळले, सखल रानातले पाणी उपसले आणि मग दोन-तीन पिढ्यांत ते अडगळ ठरले.

जगातली पहिली पवनचक्की कुठे फिरली?

‘पहिली’ दाखवता येत नाही, पण सगळ्यात जुना भक्कम माग पूर्व इराण आणि त्याला लागून असलेल्या अफगाण सीमेकडे, सीस्तान-खोरासानच्या पट्ट्यात लागतो. दहाव्या शतकातल्या अरबी भूगोलकारांनी तिथल्या वाऱ्यावर चालणाऱ्या चक्क्यांचे वर्णन करून ठेवले आहे. या भागात उन्हाळ्यात जवळजवळ चार महिने एकाच दिशेने जोराचा वारा सुटतो. त्याचे नावच ‘एकशे वीस दिवसांचा वारा’. दिशा ठरलेली असली की चक्कीला तोंड फिरवण्याची कटकट उरत नाही.

तिथली चक्की आपल्या मनातल्या चित्रापेक्षा अगदी वेगळी दिसते. मातीच्या उंच भिंतींमध्ये उभा आस असतो, त्याला लाकडी फळ्यांची उभी पाती लावलेली असतात आणि भिंतीतल्या फटीतून वारा फक्त एका बाजूच्या पात्यांवर पडतो. फिरत्या दरवाजासारखी ही रचना गोल फिरते आणि त्याच आसाच्या खालच्या टोकाला चक्कीचा दगड असतो. मध्ये एकही दातेरी चाक नाही. इराणमधल्या नश्तिफान गावात अशा सुमारे तीस चक्क्यांची रांग अजून उभी आहे. २००२ साली इराणने त्यांना राष्ट्रीय वारशात नोंदवले.

धर्मयुद्धाला (क्रूसेडला) गेलेल्या सैनिकांनी ही चक्की युरोपात आणली, हे खरे का?

गोष्ट छान आहे, पण पटत नाही. इराणी चक्कीचा आस उभा, युरोपीय चक्कीचा आडवा. आडवा आस घेतला की त्याची फिरकी काटकोनात वळवून दगडापर्यंत पोचवावी लागते आणि त्यासाठी दातेरी चाके लागतात. ही चाके युरोपात आधीपासून होती, रोमन काळातल्या पाणचक्कीत. म्हणजे युरोपातल्या सुतारांनी पाणचक्कीच उलटी केली असावी, असे मानायला जागा आहे. पाणचक्कीत शक्ती खालून वर येते, पवनचक्कीत वरून खाली.

गंमत अशी की पुरावा मिळतो तो उलट दिशेचा. तिसऱ्या धर्मयुद्धाचा वृत्तांत लिहिणारा आंब्रुआज सांगतो की सीरियाच्या भूमीवरची पहिली पवनचक्की जर्मन सैनिकांनी बांधली. त्या भागातली नव्हे, तर स्वतःच्या गावाकडची चक्की ते तिकडे घेऊन गेले होते.

युरोपात ती कधीपासून आहे? आणि वारा कुणाच्या मालकीचा?

इंग्लंड आणि नॉर्मंडीतल्या कागदपत्रांत ११८० च्या दशकात ती दिसू लागते. यॉर्कशरमधल्या वीडली गावच्या चक्कीची नोंद ११८५ ची आहे. आणि नोंद होते न होते तोच भांडण सुरू.

बेरी सेंट एडमंड्स या गावी ११९१ साली हर्बर्ट नावाच्या एका पाद्र्याने स्वतःसाठी पवनचक्की उभारली. तिथल्या मठाधिपती सॅमसनचा संताप अनावर झाला. ही हकिकत मठातल्याच एका भिक्षूने, ब्रेकलंडच्या जोसेलिनने, लिहून ठेवली आहे. हर्बर्टचे म्हणणे साधे होते: वारा सगळ्यांचा आहे, तो वापरायला कुणाची परवानगी कशाला? शिवाय मी फक्त माझेच धान्य दळणार. सॅमसनला यातला दुसरा मुद्दा मुळीच खरा वाटला नाही. गावातले लोक उद्या तुझ्याकडे दळायला येतील, ते स्वतंत्र नागरिक असल्यामुळे मला त्यांना अडवता येणार नाही आणि माझ्या चक्क्या बसतील, हा त्याचा हिशेब. त्याने सुतारांना चक्की पाडायचा हुकूम दिला. मठाची माणसे पोचायच्या आत हर्बर्टने आपल्याच नोकरांकरवी ती उतरवून ठेवली होती.

भांडण धर्माचे नव्हते, मक्तेदारीचे होते. नदी, ओढा, बंधारा सगळे जमीनदाराच्या किंवा मठाच्या ताब्यात. रयतेने त्यांच्याच चक्कीवर दळले पाहिजे असा दंडक आणि दळणातला ठरलेला वाटा कापून घेतला जाई. वारा मात्र कुणाच्या बांधाने अडत नाही. सत्तेने त्यावरही लगेच तोड काढली. पवनचक्कीच्या उत्पन्नावरही चर्चचा दशमांश लागू आहे, असा निर्णय पोप सेलेस्टाइन तिसरा याने त्याच दशकात दिला आणि नेदरलँड्समध्ये पुढे वारा वापरण्याचा रीतसर कर भरावा लागे.

खेड्यातल्या पवनचक्क्यांचे प्रकार किती?

नावे पुष्कळ आहेत. पण चक्कीचा कोणता भाग वाऱ्याकडे वळतो, एवढे पाहिले की गोंधळ मिटतो.

सगळ्यात जुनी खांबाची चक्की. एका जाड ओक खांबावर संपूर्ण लाकडी घर तोललेले असते. दगड, चाके, पीठ, चक्कीवाला, सगळ्यांसकट. मागे निघालेला लांब दांडा ढकलला की अख्खे घर फिरते. केंब्रिजशरमधल्या बोर्न गावची चक्की १६३६ च्या खरेदीखतात आहे, तर बकिंगहॅमशरमधल्या पिटस्टोनच्या चक्कीच्या लाकडात १६२७ हे साल कोरलेले आहे. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने मला हीच सगळ्यात धीट रचना वाटते. कित्येक टन वजनाचे घर एका खांबावर, आणि वादळातही ते डुलत उभे राहणार.

दुसरी बुरुजाची. दगड-विटांचा पक्का बुरूज जागच्या जागी, फक्त डोक्यावरची टोपी फिरते. त्यामुळे ती हवी तेवढी उंच बांधता येते. नेदरलँड्समधल्या स्कीडाम शहरातल्या चक्क्या या जातीतल्या जगातल्या सगळ्यात उंच. तिथली ‘दे नोर्ड’ टोपीपर्यंत तेहतीस मीटरच्या वर भरते.

तिसरी तिचीच लाकडी बहीण, बहुधा अष्टकोनी, खाली रुंद आणि वर निमुळती. शेतकऱ्याच्या घोळदार अंगरख्यासारखी दिसते म्हणून इंग्रजीत तिला ‘स्मॉक मिल’ म्हणतात. केंटमधल्या क्रॅनब्रुक गावची १८१४ सालची युनियन मिल हे तिचे ठळक उदाहरण. दक्षिणेकडे, ग्रीस आणि स्पेनमध्ये, ठेंगण्या पांढऱ्या गोल बुरुजांच्या चक्क्या दिसतात. मिकोनोस बेटावरच्या चक्क्यांना आठ-दहा, बारा दांडे आणि त्यांवर त्रिकोणी कापड, थेट नावेच्या शिडासारखे.

आत नेमके काय घडते?

दाणा आधी सगळ्यात वर जातो. पोते ओढून घेणारी साखळीसुद्धा वाऱ्यावरच चालते, माणसाने खांद्यावरून न्यायचे नसते. तिथून पुढे सगळे काम उताराचे.

वरच्या कोठीतून धान्य दगडावरच्या चाडीत, म्हणजे नरसाळ्यासारख्या पेटीत, येते. चाडीखाली एक उतरती लाकडी पन्हळ असते आणि फिरणारा चौकोनी गज तिला सारखा टोले देत राहतो. प्रत्येक टोल्याला थोडा घास दगडाच्या डोळ्यात पडतो. वारा वाढला की गज जोरात फिरतो, टोले वाढतात, घासही वाढतो. वेगाप्रमाणे खुराक, आणि तोही कुणी न पाहता. इंग्रज चक्कीवाले या गजाला ‘डॅमझेल’, म्हणजे तरुणी, म्हणत. ती सारखी बडबडते म्हणून. विनोद त्या काळाचा आहे, माझा नाही.

दळणारे दगड म्हणजे मोठे जातेच. खालची तळी स्थिर, वरची फिरती. बहुतेक दगड सव्वा मीटरच्या आसपास व्यासाचे आणि वरच्या तळीचे वजन टनाच्या घरात. दोन्ही तळ्या एकमेकींना कधीही टेकता कामा नयेत; मध्ये कागदाएवढी फट राखायची. दाणा मधल्या डोळ्यातून आत शिरतो, दगडांवरच्या तिरक्या खाचांतून कात्रीत सापडावा तसा कापला जातो आणि कडेला येईपर्यंत पीठ होते. हे कोमट पीठ नळीतून खालच्या मजल्यावर पोत्यात पडते. चक्कीवाला तिथे उभा राहून ते अंगठा आणि बोट यांच्यात चोळून पाहतो. भरड लागले तर फट कमी करायची, फार गरम लागले तर वाढवायची.

पाती मिनिटाला पंधरा-वीस फेरे घेतात, दगड शंभराच्या वर. ही वाढ लाकडी दातेरी चाकांनी साधते. दाते सफरचंदाच्या किंवा हॉर्नबीमच्या चिवट लाकडाचे, एकेक वेगळा बसवलेला, म्हणजे तुटला तर तेवढाच बदलता येतो. जुने कारागीर जोडीतल्या एका चाकाला मुद्दाम एक दाता जास्त ठेवत. मग तेच दोन दाते प्रत्येक फेऱ्यात समोरासमोर येत नाहीत आणि झीज सगळीकडे सारखी होते. एवढ्या बारकाव्याची समज असलेला तो सुतार अनेकदा निरक्षर असे.

वारा वाढला की पाती कशी सांभाळतात?

वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. म्हणून चक्कीवाल्याचे खरे कसब चक्की चालवण्यापेक्षा तिला आवरण्यात होते.

जुनी पाती म्हणजे लाकडी जाळीची चौकट आणि तिच्यावर पसरलेले शीड. वारा पाहून शीड कमी-जास्त उघडायचे. इंग्रज चक्कीवाल्यांनी या पायऱ्यांना नावे दिली होती: पूर्ण शीड, पहिली घडी, मग कट्यारीचे टोक, आणि सगळ्यात कमी म्हणजे तलवारीचे टोक. उरलेल्या कापडाच्या आकारावरून ही नावे पडली. पण शीड आवळायचे तर चक्की थांबवायची, एकेक पाते खाली आणायचे, त्यावर चढायचे, असे चार वेळा. हे पावसात, रात्री, अंधारात आणि वारा वाढत असताना.

अठराव्या शतकात यावर तोडगे निघाले. १७७२ साली स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलने कापडाऐवजी खिडकीच्या झडपांसारख्या फळ्या बसवल्या. या फळ्यांना स्प्रिंगचा ताण दिला होता. झुळूक जोरात आली की त्या आपोआप उघडून वारा सोडून देत. १८०७ साली विल्यम क्युबिटने पोकळ आसातून एक गज नेऊन चारही पात्यांच्या झडपा चक्की चालू असताना, खालून साखळीला वजन टांगून, एकदम हलवायची सोय केली. डच लोकांनी मात्र बहुतेक ठिकाणी कापड सोडले नाही आणि आजही त्यांचे चक्कीवाले पात्यावर चढून शीड बांधतात.

आणि चक्कीला वाऱ्याकडे तोंड कोण करून देतो?

आधी माणूस किंवा जनावर, मागच्या दांड्याने. १७४५ साली एडमंड ली याने एका युक्तीचे पेटंट घेतले: मुख्य पात्यांच्या मागे, त्यांना काटकोनात, एक छोटा पंखा. चक्की बरोबर वाऱ्याकडे असली की हा पंखा वाऱ्याच्या आडोशाला पडून गप्प राहतो. वारा वळला की त्याच्यावर लागतो, तो फिरतो आणि दातेरी चाकांच्या साखळीने टोपी हळूहळू वळवून पुन्हा गप्प होतो. स्वतःची चूक ओळखून सुधारणारे यंत्र, तेही विजेच्या किती तरी आधी.

ही नुसती सोय नव्हे. वारा मागून आला तर पाती उलटी दाबली जातात आणि टोपी पात्यांसकट उखडू शकते. गडगडाटी वादळात वारा काही मिनिटांत दिशा बदलतो, तेव्हा चक्क्या जास्त करून याच कारणाने मोडल्या.

पवनचक्की फक्त दळायलाच का?

मुळीच नाही. उत्तर हॉलंडमध्ये कोर्नेलिस कोर्नेलिसझून या शेतकऱ्याने सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पवनचक्कीला वाकडा आस जोडून गोल गतीची वर-खाली गती केली आणि करवती चालवल्या. डच जहाजबांधणीला लागणाऱ्या फळ्या त्यामुळे झपाट्याने निघू लागल्या. तेल गाळणे, कागदाचा लगदा कुटणे, रंग दळणे हीही कामे होती. झान्से स्खान्स इथली ‘दे काट’ चक्की अजून रंगाचे खडे दळते.

पाणी उपसण्याचे काम तर डच भूमीच्या मुळाशी आहे. बेमस्टरचे तळे त्रेचाळीस पवनचक्क्यांनी उपसून १६१२ साली कोरडे केले आणि त्या तळाशी शेती सुरू झाली. किंडरडाइकच्या एकोणीस चक्क्यांपैकी बहुतेक १७३८ ते १७४० मध्ये बांधल्या. १९९७ पासून त्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. दुसऱ्या महायुद्धात इंधन संपले, पंप थांबले, तेव्हा या म्हाताऱ्या चक्क्यांनी पुन्हा पाणी उपसले.

मग त्या बंद का पडल्या?

लोक वाफेच्या इंजिनाला दोष देतात. ते अर्धे खरे आहे. वाफ आली तरी खेड्यातली पवनचक्की लगेच मेली नाही, कारण वारा फुकट होता आणि कोळशाला पैसे पडत. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकातसुद्धा नव्या चक्क्या बांधल्या जात होत्या.

खरा घाव घातला दळणाच्या पोलादी रुळांनी, म्हणजे रोलरांनी. १८७० ते १८९० च्या दरम्यान हंगेरी आणि अमेरिकेतून रुळांवर दळण्याची पद्धत पसरली. रुळांच्या गिरणीत कोंडा आणि अंकुर सहज वेगळे करता येतात, पीठ पांढरेशुभ्र निघते आणि फार दिवस टिकते. त्याच काळात परदेशी गहू स्वस्तात बंदरावर उतरू लागला, म्हणून गिरण्या बंदरालगत गेल्या. रेल्वेने पीठ खेड्यात पोचवले. खेड्यातल्या चक्कीकडे उरली ती जनावरांच्या खुराकाची भरड. भरडीत मिळकत नाही, मिळकत नाही म्हणून डागडुजी नाही. एक पाते मोडले की समोरचे काढून टाकून दोन पात्यांवर चालवायची, तेही मोडले की शेडमध्ये तेलाचे इंजिन बसवायचे. बहुतेक चक्क्यांचे शेवटचे दिवस असेच गेले.

आज किती उरल्या?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नेदरलँड्समध्ये नऊ-दहा हजार असाव्यात असे मानतात. आज तिथे हजाराहून थोड्या अधिक उभ्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ फिरतात. ब्रिटनमध्ये उभे अवशेष बरेच आहेत, पण त्यांतले फिरणारे थोडे.

चक्की जतन करायची म्हणजे नेमके काय जतन करायचे?

इथे मी मत लपवणार नाही. रंगवून, पाती बांधून, कुलूप लावून ठेवलेली चक्की हळूहळू मरत असते.

कारण साधे आहे. चक्की थांबली की तिची पाती वर्षानुवर्षे एकाच स्थितीत राहतात. पाऊस नेमक्या त्याच सांध्यात मुरतो आणि लाकूड तिथे आतून कुजते. आसाचे वजन त्याच बिंदूवर पडते. टोपी फिरत नसल्याने तिच्याखालचे कडे वाकडे होते आणि काही वर्षांनी ती फिरतच नाही. वंगण सुकते, दात्यांना भुंगा लागतो, उंदीर आणि कबुतरे घर करतात. फिरती चक्की मात्र वाळते. कुणीतरी आठवड्यातून एकदा आत येतो, गळती पाहतो, खिळा ठोकतो, कुरकुरणारा आवाज ऐकून तेल घालतो. बिघाड लहान असतानाच सापडणे हीच सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

सगळीकडे हे जमते असे नाही. लाकूड फार जीर्ण असेल तर जोराने फिरवणे म्हणजे उरलेसुरले मूळ भाग गमावणे. अशा वेळी भार न देता, दगड उचलून, मंद वाऱ्यात नुसती पाती फिरवतात. तेही जमत नसेल तर निदान वर्षातून काही वेळा हाताने वळवून पात्यांची जागा बदलावी.

सगळे भाग बदलत गेले तर ती जुनी चक्की कशी राहिली?

हा प्रश्न चक्की पाहायला आलेला दर तिसरा माणूस विचारतो आणि विचारताना आपण काहीतरी बिनतोड बोललो असा त्याचा चेहरा असतो. चक्की चालू होती तेव्हाही तिचे भाग बदलतच होते. पाती काही दशकांत जात, दाते त्याहून लवकर, दगड झिजून पातळ होत. चक्की म्हणजे झीज गृहीत धरून बनवलेली वस्तू.

दुरुस्ती करताना विचारायचे ते वेगळे: नवा भाग जुन्याच पद्धतीने, त्याच जातीच्या लाकडात केला का? काढलेल्या भागाचे माप आणि चित्र ठेवले का? आणि कुठल्या काळात परत न्यायचे? हा शेवटचा मुद्दा खरा चिवट. १९२० च्या दशकात डच चक्क्या वाचवण्यासाठी पात्यांना वारा अलगद घसरेल अशी पत्र्याची गोलसर कड बसवायची टूम निघाली, कमी वाऱ्यातही चक्की चालावी म्हणून. आज त्या ‘सुधारणा’ शंभर वर्षांच्या झाल्या आहेत. त्या काढून अठराव्या शतकातले रूप आणायचे की चक्कीच्या धडपडीची ती खूण तशीच ठेवायची? माझा कौल ठेवण्याकडे, पण समंजस माणसे उलटही सांगतात.

कधी कधी तर जुने म्हणायला जागाच उरलेली नसते. हार्लेमची ‘दे आद्रियान’ १९३२ साली जळाली आणि २००२ साली पुन्हा उभी राहिली. ती नवी आहे, आणि तसे सांगण्यात कमीपणा नाही.

जिद्दीने वाचवलेल्या चक्कीचे एखादे उदाहरण?

पिटस्टोनचेच घ्या. १९०२ च्या वादळात ती इतकी मोडली की दुरुस्ती परवडेना. १९३७ मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली, पण पैसा नसल्याने पडून राहिली. १९६३ पासून स्थानिक स्वयंसेवकांनी सुट्टीच्या दिवशी काम सुरू केले आणि १९७० साली, अडुसष्ट वर्षांनी, तिने पुन्हा धान्य दळले.

दुसरे नॉटिंगहॅमजवळच्या स्नेंटन इथले. तिथे १८०७ साली बांधलेल्या चक्कीत जॉर्ज ग्रीन काम करायचा. जेमतेम वर्षभराची शाळा झालेल्या या चक्कीवाल्याने १८२८ साली विजेच्या आणि चुंबकत्वाच्या गणितावर निबंध छापला. आजही विद्यार्थी ‘ग्रीनचे प्रमेय’ शिकतात. १९४७ साली चक्कीचा वरचा भाग जळाला. भौतिकशास्त्रज्ञांनी निधी उभारला आणि १९८० च्या दशकात ती पुन्हा फिरू लागली. आता तिथे पीठ दळून विकले जाते.

दुरुस्तीत सगळ्यात अवघड काय?

माणूस मिळणे. ओक मिळतो, पैसाही कधी ना कधी मिळतो, पण वीस मीटर लांबीचा दांडा आसाच्या डोक्यातून आरपार बसवून पाचर मारणारा चक्कीचा सुतार दुर्मिळ झाला आहे. दगडाला टाकी लावण्याचेही तसेच. खाचा बोथट झाल्या की पीठ दळले जात नाही, चिरडले जाते आणि तापते. मग वरची तळी उचलून, उलटी करून, छिन्नीने एकेक खाच पुन्हा धारदार करायची. दोन तळ्यांना दिवसभर तरी लागतो, आणि हातात पोलादाचे कण रुततात ते निराळेच.

चक्की धडधाकट आहे, तरी फिरत नाही. का?

बाहेर येऊन भोवताली पाहा. शंभर वर्षांपूर्वी उघडे माळरान होते, तिथे आता झाडे वाढली असतील, घरे आली असतील. अडथळ्यामागे वारा नुसता मंदावत नाही, भोवऱ्यांसारखा विस्कटतो. मग एका पात्यावर जोर आणि दुसऱ्यावर काहीच नाही, अशी चक्की हिसके खाते.

डच लोकांनी यासाठी चक्कीच्या भोवतालचा परिसर हीच जतनाची बाब मानली. सर्वसाधारण संकेत असा की शंभर मीटरच्या आत पात्याच्या खालच्या टोकापेक्षा उंच काही नसावे आणि पुढे चारशे मीटरपर्यंत अंतर वाढेल तशी थोडी थोडी उंची चालेल. कागदावर सोपे. प्रत्यक्षात कुणाचे तरी लाडके झाड तोडायचा विषय निघतो आणि सभा रात्री उशिरापर्यंत चालते. चक्कीसाठी लाखो खर्चणारी गावे एका रांगेतल्या झाडांपुढे हरलेली आहेत.

हे काम कोण शिकवते?

नेदरलँड्समध्ये चक्क्या वाचवण्याची संस्था ‘दे होलान्त्से मोलन’ १९२३ साली निघाली. पण इमारती वाचल्या तरी चालवणारे म्हातारे होत होते, म्हणून १९७२ साली स्वयंसेवक चक्कीवाल्यांचा संघ स्थापन झाला. तिथे अनुभवी चक्कीवाल्याच्या हाताखाली किमान दीडशे तास काम करावे लागते, सगळे ऋतू पाहावे लागतात आणि मग परीक्षा. अभ्यासात ढग ओळखणे असते, कारण दुपारच्या वादळाची चाहूल सकाळी लागली पाहिजे. २०१७ मध्ये युनेस्कोने ‘पवनचक्की आणि पाणचक्की चालवण्याचे कसब’ मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतले. इमारतीला नव्हे, हाताला मिळालेला हा मान मला फार मोलाचा वाटतो. नश्तिफानच्या रांगेची देखभाल मात्र कितीतरी वर्षे एकट्या म्हाताऱ्या राखणदारावर होती.

ब्रिटनमध्ये विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींसाठी जी संस्था काढली, तिच्यात १९३१ पासून चक्क्यांचा वेगळा विभाग आहे.

आगीची भीती किती?

खूप. ब्रेक म्हणजे मोठ्या चाकाभोवती आवळलेले लाकडी ठोकळे. वादळात पाती उधळली आणि ब्रेक दाबून धरला तर ठोकळेच पेट घेतात. दगडांमधले धान्य संपले तर दगडावर दगड घासून ठिणग्या उडतात. म्हणून चाडीत धान्य कमी झाले की वाजणारी घंटा असे. हवेतले पीठ बारुदासारखे पेटू शकते. आणि उघड्या माळावरची सगळ्यात उंच वस्तू म्हणून आकाशातली वीजही हिच्यावरच. आज तारेची वीजरोधक व्यवस्था पात्यांच्या टोकांपासून जमिनीपर्यंत जोडतात आणि चक्की चालू करण्याआधी ती सोडायची असते. ती विसरून ब्रेक सुटला तर तार तुटते. चक्कीवाला ही चूक आयुष्यात एकदाच करतो.

वीज बनवणारी पवनचक्की हिचीच वारस का?

नात्यातली आहे, सरळ वंशातली म्हणता येईल का याबद्दल वाद घालता येतो. १८८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथने कापडी पात्यांच्या यंत्रावर वीज तयार केली, पुढच्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स ब्रशने, आणि १८९१ पासून डेन्मार्कच्या पॉल ला कूरने आस्कोव्ह इथे जुन्या चक्कीच्या रचनेवरच प्रयोग केले. मुळातले गणित त्याच्याही आधीचे आहे. जॉन स्मीटनने १७५९ साली छोट्या प्रतिकृतींवर पात्यांचे कोन मोजून पाहिले होते.

थांबलेल्या चक्कीची पाती कधी उभी, कधी तिरकी का दिसतात?

डच प्रदेशात ती भाषा आहे. थांबवताना पाते माथ्यावर पोचायच्या किंचित आधी ठेवले तर आनंद: लग्न, जन्म. माथा ओलांडून किंचित खाली ठेवले तर शोक. उगवते पाते आणि मावळते पाते. जुलै २०१४ मध्ये बरेच डच प्रवासी असलेले एमएच १७ विमान पाडले गेल्यानंतर, राष्ट्रीय शोकाच्या दिवशी, देशभरातल्या चक्क्या मावळत्या पात्यांनी उभ्या होत्या. बेरजेच्या चिन्हासारखी पाती थोडी विश्रांती सांगतात, तर गुणिलेसारखी तिरकी पाती लांबची सुट्टी. पण याचे रिवाज गावागणिक बदलतात.

फिरती चक्की पाहायची तर केव्हा जावे?

मेच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये चक्क्यांचे दिवस असतात, जर्मनीत पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या) सोमवारी. एरवी शनिवारी वारा असेल आणि निळा झेंडा वर असेल तर बहुतेक डच चक्कीवाले आत बोलावतात.

कुंपणाच्या आत मात्र जाऊ नये. चोवीस मीटर व्यासाची पाती मिनिटाला पंधरा फेरे घेत असतील तर टोकाचा वेग ताशी अडुसष्ट किलोमीटरच्या आसपास होतो आणि दर सेकंदाला एक पाते खाली येऊन जाते. लांबून ते फार सावकाश वाटते.